धागा : रमाबाईंना ख्रिस्ती धर्म १८८३ मध्ये सापडला, मग ख्रिस्त आठ वर्षांनी कसा? (कृपा, कर्म आणि ख्रिस्ताचे श्रेष्ठत्व)

शब्दवेल्हाळ (धागालेखिका)

आमच्या वाचनगटाने या वर्षी एकोणिसाव्या शतकातील मराठी माणसांची आत्मकथने वाचायला घेतली आहेत. त्या निमित्ताने पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेली आपली साक्ष मी दुसऱ्यांदा वाचली आणि पहिल्या वाचनात जिथून सहज पुढे गेले होते, तिथेच या वेळी अडले. रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमधील वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी, लहानग्या मनोरमेसह झाला. असे असूनही त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडलेला नव्हता.

ही आठ वर्षे काही रिकामी नव्हती. चेल्टनहॅमचे महाविद्यालय, अमेरिकेचा दौरा, १८८७ चे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील पुस्तक, १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले शारदा सदन, हे सगळे याच काळातले आहे. एवढे कार्य, एवढा अभ्यास आणि सोसलेली एवढी टीका जमेला असताना नेमके काय कमी पडत होते? मी स्वतः ख्रिस्ती नाही, त्यामुळे ‘कृपेने तारण’ हे शब्द मला ऐकून माहीत आहेत, आतून माहीत नाहीत. दुसरा प्रश्न त्याला लागूनच आहे. कृपा मला समजू शकते, आपल्या संतवाङ्मयात ती पानोपानी आहे. पण ती एकट्या ख्रिस्ताकडूनच, हा आग्रह कृपेच्या कल्पनेतून निघतो की तो वेगळा जोडलेला आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

नगरचा_पाहुणा

धागा काढल्याबद्दल आभार. मी नगर जिल्ह्यातील एका पाळकाचा, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मगुरूचा, मुलगा आहे आणि हा प्रश्न आमच्या घरी जेवणाच्या ताटावर चर्चिला गेलेला आहे.

रमाबाई कुठून आल्या होत्या, हे आधी पाहावे लागेल. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे विद्वान होते. जवळचे द्रव्य त्यांनी दानधर्मात घालवले. सारे कुटुंब व्रते, उपास, स्नाने आणि प्रदक्षिणा करीत राहिले. पुढे दुष्काळात आईवडील आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. पुण्य साठवीत जावे म्हणजे ते अडचणीच्या वेळी उपयोगी पडते, हा हिशेब त्यांच्या डोळ्यांदेखत कोसळला होता. माझे वाचन असे आहे की १८८३ मध्ये त्यांनी देव बदलला, परंतु वही तीच राहिली. आता त्या वहीत तीर्थांच्या जागी बाप्तिस्मा, प्रार्थनेचे नियम, मतप्रणालीचा अभ्यास आणि सेवा यांची जमा होऊ लागली. मग विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र त्यांच्या हाती आले. हा गृहस्थ अनेक वर्षे दीक्षित पुरोहित होता आणि १८५१ मध्ये कॉर्नवॉलमध्ये स्वतःच्याच व्यासपीठावरून स्वतःचेच प्रवचन देताना त्याला कळले, की आपण जे सांगतो आहोत ते आपल्यालाच मिळालेले नाही. रमाबाईंना त्या पुस्तकात आपला चेहरा दिसला असणार.

नव्या करारातील बरीच पत्रे ज्याच्या नावावर आहेत तो प्रेषित पौल इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले आहे. ते आपल्या हातून झालेले नाही, ते देवाचे दान आहे आणि कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून ते कर्मांनी झालेले नाही. इथे ‘तारण’ या मराठी शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. आपण बँकेत जातो तेव्हा कर्ज मागणाऱ्याने तारण ठेवायचे असते: सातबारा, दागिने, घराची कागदपत्रे. उपासनेत बसून हा शब्द ऐकताना मला लहानपणापासून बँकच आठवत आली आहे, कारण इथे सगळे उलटे आहे; तारण धनकोनेच आणून ठेवले आहे आणि ऋणको रिकाम्या हाताने उभा आहे. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तर पौल शब्दच सावकारीतला वापरतो. मूळ ग्रीक ‘खेरोग्राफोन’ म्हणजे ऋणकोने आपल्या हाताने लिहून दिलेला कर्जरोखा, आणि देवाने तो रद्द करून वधस्तंभाला खिळला, असे तिथे म्हटले आहे. रोखा फाडून टाकल्यावरही दर महिन्याला व्याज भरायला जाणारा माणूस प्रामाणिक असेल, पण त्याला बातमी पोचलेली नाही.

एक प्रसंग सांगतो. आमच्या गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या दिवशी वडील स्टीलच्या तबकात द्राक्षरसाचे छोटे पेले घेऊन उभे असत. एका रविवारी एक तात्या शेवटच्या सतरंजीवरून उठलेच नाहीत. थोरल्या भावाशी शेताच्या बांधावरून हातघाईवर येऊन आठवडाही झाला नव्हता. वडील तबक घेऊन त्यांच्यापर्यंत चालत गेले. तात्या म्हणाले, “पाळकसाहेब, मी लायक नाही.” वडील म्हणाले, “लायक असलेल्यांसाठी हे असतं, तर तबक धरायलाही कोणी मिळालं नसतं.” तात्यांनी पेला घेतला. हात थरथरत होता, त्यामुळे थोडा रस धोतरावर सांडला.

तर्कट

प्रसंग हृद्य आहे, पण बांधाचे काय झाले?

नगरचा_पाहुणा

बांधाचा दावा कोर्टात गेला आणि अजून चालू आहे.

तर्कट

तेच मला अपेक्षित होते, आणि हा उपहास नाही. माझा आक्षेप मुद्देसूद मांडतो. जन्मभर लोकांना लुबाडलेल्या माणसाने शेवटच्या घटकेला विश्वास ठेवला की तो तरला, आणि जन्मभर सचोटीने राहिलेला अविश्वासू मात्र बाहेर, अशी ही व्यवस्था असेल, तर ती नीतीच्या मुळावर येते. रमाबाईंच्या वडिलांची वही कोसळली हे मान्य. पण वहीच नको म्हटल्यावर बांध कोरणाऱ्याला कोण विचारणार?

नगरचा_पाहुणा

हा आक्षेप पौलाच्या हयातीतच घेतला गेला होता. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच या प्रश्नाने होते, की कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय, आणि तो स्वतःच त्याला ठाम नकार देतो. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या शिकवणीवर हा आक्षेप येऊच शकत नाही, ती पौलाची शिकवण नसावी. पुण्याचा हिशेब सांगणाऱ्याला कोणी विचारत नाही, की मग पाप का करू नये.

वधस्तंभावरच्या चोराची गोष्ट लूकच्या तेविसाव्या अध्यायात आहे आणि ती तुमच्या उदाहरणाइतकीच टोकाची आहे. त्या माणसाकडे नुकसानभरपाई द्यायला वेळही नव्हता आणि हातही मोकळे नव्हते. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला तर शेतमजुरी ठाऊक असलेल्या कोणालाही खटकावा: दिवसभर उन्हात राबलेल्याला आणि दिवस मावळायच्या तासभर आधी आलेल्याला एकच रोजगार. येशूने ही गोष्ट न्याय्य वाटावी म्हणून सांगितलेली नाही. तो मालक उदार आहे, आणि औदार्य नेहमी कुणाला तरी अन्यायासारखे दिसते.

वसईकर

चर्चेत कॅथलिक बाजू यावी म्हणून लिहितो. मी वसईचा आहे आणि वर ‘वही’ हा शब्द वाचून मला आमच्याच घरातली वही आठवली. माझी आत्या नोव्हेना, रोझरी आणि मिस्सा यांची नोंद एका जुन्या शालेय वहीत ठेवत असे, उभ्या रेघा मारून, पाचवी रेघ आडवी. त्यामुळे नगरच्या मित्रांचा रोख मला पूर्ण कळतो. परंतु त्यावरून कॅथलिक धर्मसभा कर्मांनी तारण शिकवते असा समज कोणी करून घेऊ नये, कारण तो समज चुकीचा आहे आणि तो साडेचारशे वर्षांहून अधिक जुना आहे.

प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याला उत्तर देण्यासाठी भरलेल्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने जानेवारी १५४७ मध्ये नीतिमान ठरण्याविषयी ठराव केला. त्याचा पहिलाच नियम असा आहे, की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून माणूस केवळ आपल्या कर्मांनी नीतिमान ठरू शकतो, असे म्हणणारा धर्मसभेबाहेर. त्याच ठरावाच्या आठव्या प्रकरणात म्हटले आहे, की नीतिमान ठरण्यापूर्वीची कोणतीही गोष्ट, विश्वास असो की कर्म, त्या कृपेची कमाई करू शकत नाही. हीच बाजू त्याआधी हजार वर्षे संत ऑगस्टिनने, माणूस स्वतःच्या बळावर नीतिमान होऊ शकतो असे मानणाऱ्या पेलाजियसविरुद्ध, लढवली होती. आमचा प्रोटेस्टंट बांधवांशी खरा मतभेद पुढे सुरू होतो. कृपा माणसाला केवळ नीतिमान म्हणून घोषित करते की आतून बदलून तसे घडवते, त्या घडण्यात माणसाचे सहकार्य कुठे बसते, आणि कृपेनेच घडलेल्या सत्कर्मांना फळ आहे असे म्हणावे की नाही, हे ते प्रश्न आहेत.

‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात एकाच ठिकाणी येतात, आणि ते याकोबाच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या चोविसाव्या वचनात, नकारासह येतात: माणूस कर्मांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नाही. रोमकरांस पत्राच्या जर्मन भाषांतरात ‘केवळ’ हा शब्द ल्यूथरने पदरचा घातला आणि टीका झाल्यावर त्याचे समर्थनही केले. याकोबाचे पत्र त्याला वाळल्या गवतासारखे वाटत होते, हे तर प्रसिद्धच आहे.

तरीही ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे ल्यूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक धर्मसभा यांनी या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, असे दोन्ही बाजूंनी एकत्र म्हटले आहे. आत्याला हे माहीत नव्हते. तिची ती वही मात्र मी टाकून दिलेली नाही. ती हिशेब ठेवत होती की आठवण, हे मला अजून सांगता येत नाही.

नगरचा_पाहुणा

वसईकर, ट्रेंटविषयीची दुरुस्ती मान्य. याकोबाविषयी एवढेच म्हणेन, की पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात, पण वेगवेगळ्या दिवसाचा. पौल ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातला अब्राहाम घेतो, ज्याची सुंताही अजून झालेली नाही आणि ज्याने वचनावर नुसता विश्वास ठेवला आहे. याकोब बाविसाव्या अध्यायातला घेतो, जो इसहाकाला घेऊन डोंगर चढतो आहे. पहिला दिवस नसता, तर दुसरा आला नसता. आणि दुसरा आलाच नसता, तर पहिल्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

इंद्रायणीकाठ

मी वारकरी घरातला आहे आणि आतापर्यंतची चर्चा वाचताना परके असे काहीच वाटले नाही. दक्षिणेतील रामानुजांच्या श्रीवैष्णव संप्रदायात मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असा वादच आहे. माकडिणीचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते. मांजरीच्या पिलाला काहीच करावे लागत नाही, आई त्याला तोंडात धरून उचलून नेते. वडकलै पंथ पहिल्या बाजूचा आणि तेनकलै दुसऱ्या. वसई आणि नगर यांच्यातला वाद मला थोडाफार त्याच जातीचा दिसतो. आपल्या कर्तृत्वाने काही होत नाही, त्यानेच यावे, ही तुकोबांची आर्तता तर अभंगागणिक आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, ते उगीच नव्हे.

म्हणूनच धागालेखिकेचा दुसरा प्रश्न मला अधिक टोचतो. टिळक पुलावरून पलीकडे गेले. मी पुलावरच उभा राहून दोन्ही काठ पाहिले तर काय बिघडले? मांजरी पिलाला नेते, हे पुरे नाही का? ती कोणत्या नावाची मांजरी, हा आग्रह कशासाठी? ‘ख्रिस्त सर्वश्रेष्ठ’ असे ऐकले, की मला त्यात कृपेपेक्षा स्पर्धा अधिक ऐकू येते.

नगरचा_पाहुणा

प्रामाणिक प्रश्नाला आडवळणाने उत्तर देणे योग्य नाही, म्हणून आधी सरळ सांगतो: होय, ख्रिस्ती श्रद्धेत हा आग्रह आहे आणि तो मागून चिकटवलेला नाही. मात्र तो कुठे आणि कोणाविरुद्ध उच्चारला गेला, हे पाहिले तर त्याचा सूर वेगळा लागेल.

ख्रिस्ताच्या श्रेष्ठत्वाचे सर्वांत भरघोस शब्द कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात आहेत. कलस्सै हे आजच्या तुर्कस्तानातील लायकस नदीच्या खोऱ्यातले, उतरती कळा लागलेले एक छोटे गाव. तिथली मंडळी पौलाने स्थापिली नव्हती. एपफ्रास नावाच्या त्यांच्याच गावच्या माणसाकडून त्यांनी सुवार्ता ऐकली होती. पत्र स्वतः पौलाचे की त्याच्या शिष्याचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्या गावातली अडचण पत्रातूनच स्पष्ट दिसते. कोणी तरी त्यांना सांगत होते, की ख्रिस्त ठीक आहे, पण तेवढ्याने भागणार नाही: अमुक खाऊ नका, तमुक सण पाळा, अमावास्या आणि शब्बाथ पाळा, देवदूतांची उपासना करा, वरच्या शक्तींना सांभाळून राहा. त्या भेदरलेल्या लोकांना पत्र सांगते, की तो अदृश्य देवाची प्रतिमा आहे, दृश्य आणि अदृश्य सारे, सिंहासने असोत की अधिपती, त्याच्याद्वारे आणि त्याच्यासाठी निर्माण झाले, आणि सर्व काही त्याच्यात टिकून आहे. ज्यांना भ्यायला सांगितले जात आहे, त्या शक्तींवरही तोच आहे. तेव्हा त्यांची मर्जी राखण्याची वेगळी देणगी द्यायची गरज उरलेली नाही. कर्जरोख्याचे वचन याच पत्रात, याच युक्तिवादात येते. ख्रिस्त अपुरा असेल, तर उरलेली रक्कम मला भरावी लागेल. तो पुरेसा असेल, तरच कृपा ही कृपा राहते. तुमच्या मांजरीच्या भाषेत सांगायचे, तर पिलू निर्धास्त असते ते आईची पकड मजबूत असते म्हणून.

आणि हे श्रेष्ठत्व कसले, हेही पाहा. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याच्यापुढे प्रत्येक गुडघा टेकेल असे म्हटले आहे, पण त्याआधी तो स्वतःला रिकामे करतो, दासाचे रूप घेतो आणि वधस्तंभावरचे मरण सोसतो. रोमी राज्यात ते मरण प्रामुख्याने गुलामांना आणि बंडखोरांना दिले जाई.

तर्कट

एक शंका. त्याच कलस्सै पत्रात ख्रिस्ताला सर्व उत्पत्तीत ‘ज्येष्ठ’ म्हटले आहे. ज्येष्ठ म्हणजे आधी जन्मलेला, म्हणजे निर्माण झालेल्यांपैकीच पहिला, असा अर्थ सरळ निघत नाही का?

वसईकर

पुत्र हा निर्माण केलेला आहे असे मानणाऱ्या एरियस या धर्मगुरूनेही याच धर्तीवर युक्तिवाद केला होता आणि त्यावर इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे धर्मपरिषद भरली. पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, निर्माण केलेला नाही, हा तिचा निर्णय. भाषेच्या अंगानेही पाहता येते: स्तोत्र ८९ मध्ये देव दावीदाला आपला ज्येष्ठ करीन म्हणतो, आणि दावीद तर इशायाचा सर्वांत धाकटा मुलगा होता. तेव्हा तो शब्द जन्मक्रमाचा नसून मानाचा आणि वारशाचा आहे. शिवाय पुढच्याच वचनात ‘सर्व काही’ त्याच्याद्वारे निर्माण झाले असे आहे.

इंद्रायणीकाठ यांना माझ्याकडूनही थोडे. ज्यांना आपल्या दोषाविना सुवार्ता ठाऊक झाली नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या धर्मसभेविषयीच्या दस्तऐवजात म्हटले आहे. मात्र तेही ख्रिस्ताच्याच कृपेने, त्यांना त्याचे नाव माहीत नसले तरी. हे उत्तर तुम्हाला आवडेलच असे नाही. आपल्याला न विचारता कोणी आपल्याला आपल्या घरात मोजले, की अवघडल्यासारखे होते. अनेक इव्हँजेलिकल बांधवांना ते फार सैल वाटते.

इंद्रायणीकाठ

अवघडल्यासारखे होते खरे, पण दार लावून घेण्यापेक्षा बरे. कलस्सैचा संदर्भ मला नवा होता. भेदरलेल्यांना धीर म्हणून ते शब्द उच्चारले गेले, हे पटले. तेच शब्द पुढे राज्यकर्त्यांच्या तोंडी गेले तेव्हा काय झाले, हे गोव्याच्या इतिहासात पाहता येते. मी पुलावरच थांबतो.

शब्दवेल्हाळ (धागालेखिका)

सर्वांचे आभार. मधल्या दोन दिवसांत रमाबाईंचा पत्रव्यवहार पुन्हा काढला आणि आपण सगळे ज्यावरून पुढे गेलो, असे काही हाती लागले. १८८५ मध्ये, म्हणजे त्या आठ वर्षांच्या आतच, वाँटेजच्या भगिनींशी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती संन्यासिनींशी, त्यांचा त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) सिद्धांतावरून आणि धर्मगुरूंच्या अधिकारावरून कडाक्याचा वाद झाला. तेव्हा त्यांनी लिहिले, की आपण ख्रिस्ताच्या मंडळीच्या सभासद आहोत, पण धर्मगुरू आणि बिशप यांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला बांधील नाही. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या प्रयासाने उतरवले आहे, तसेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली इच्छा नाही.

माझा अंदाज असा होता, की १८९१ च्या अनुभवानंतर ही बंडखोर बाई नरम पडली असेल, कारण ‘शरण जाणे’ हे शब्द आपण तसेच वाचतो. झाले उलटेच. पुढच्या तीस वर्षांत त्यांनी केडगावच्या आपल्या ‘मुक्ती’ आश्रमाला कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधले नाही, हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले आणि संपूर्ण बायबलाचे स्वतः मराठी भाषांतर केले, साध्या शिकलेल्या बाईलाही कळेल अशा भाषेत. आश्रमातल्याच मुलीबायकांनी त्याचे खिळे जुळवले. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या आणि छापील ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. ख्रिस्ताच्या वर कोणी नाही, हे वाक्य बिशपाला उद्देशूनही म्हणता येते, हे मला या धाग्यामुळे उमगले. त्रैक्यावरच्या वादात त्यांचे मन शेवटी कसे वळले, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, तो काढीनच.

तर्कट

वेगळा धागा अवश्य काढा. द्राक्षमळ्याचा मालक मला अजूनही पटलेला नाही, हे नोंदवून ठेवतो. नगरचे पाहुणे, तात्या आता कसे आहेत?

नगरचा_पाहुणा

गुडघे गेले आहेत, बाकी ठणठणीत. तारीख असली की दोघे भाऊ एकाच जीपने तालुक्याला जातात, कारण सकाळी दुसरी गाडी नाही. भाडे थोरला देतो. तात्यांना ते मुळीच आवडत नाही, पण हल्ली देऊ देतात.